वही बंद करण्याआधी ती वाचा

पत्राचा सारांश : लेखिका ३२ वर्षांच्या, मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करून दीड वर्षापूर्वी गावी परतल्या आणि वडिलांच्या मशीन शॉपमध्ये लक्ष घालू लागल्या. भागीदारी संस्था, तीस कामगार, उलाढाल साडेसहा कोटींच्या आसपास. ट्रॅक्टर आणि पंपांचे बिडाचे पार्ट मशिनिंग करून (यंत्रावर कापून मापात आणून) द्यायचे, काही कास्टिंग (ओतीव नग) गिऱ्हाइकाकडून येतं, काही विकत घ्यायचं. गेल्या वर्षी साडेचार लाख रुपये घालून ईआरपी (कारखान्याचा सगळा हिशेब एका जागी ठेवणारं सॉफ्टवेअर) घेतलं. आठ महिने झाले तरी स्टोअर सांभाळणारे काका वहीतच लिहितात आणि संध्याकाळी ऑफिसातली मुलगी वहीवरून संगणकात भरते. स्टॉक जुळत नाही. ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर फिरतात, त्यात मागच्या महिन्यात जुन्या रिव्हिजनवर (ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्तीवर) १४० नग कापले गेले. माल पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाचा ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर येतो, ते बाहेरगावी असले की गाडी गेटवर उभी. वडिलांचं म्हणणं, ‘चाललंय ते बरं चाललंय.’ त्या विचारतात : येत्या एक तारखेपासून वही आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्ही बंद करून टाकू का? काकांना सन्मानाने घरी बसवून संगणक येणारा तरुण मुलगा घेऊ का? आणि सगळीकडे एआयची चर्चा आहे, त्यात आम्ही मागे पडतोय का?

उत्तर :

एक तारखेचा फतवा काढू नका. काकांनाही एवढ्यात घरी बसवू नका. का, ते सविस्तर सांगते, कारण असेच प्रश्न दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांचे, सीए ऑफिसचे आणि घाऊक दुकानदारांचेही येत असतात.

तुम्ही लिहिलंय, ‘आमच्या माणसांना टेक्नॉलॉजी नकोच आहे.’ हे मला पटत नाही. तुमचे ऑपरेटर सीएनसीच्या (संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या) कंट्रोलरवर ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) भरतात, अलार्म आला की त्याचा अर्थ मोबाइलवर शोधतात, पगार झाला की बसल्या जागी घरी पैसे पाठवतात. ईआरपीच्या पडद्यापेक्षा सीएनसीचा कंट्रोलर कितीतरी अवघड. तो ते शिकले, कारण त्याच्याशिवाय पार्ट निघत नाही. ईआरपीशिवाय मात्र तुमच्याकडे सगळं निघतंय. मग ते त्यांनी का भरावं? शिकण्याची तयारी त्यांच्यात आहेच. जास्तीचं काम अंगावर घ्यायची मात्र नाही, आणि ते साहजिक आहे.

तुमच्या पत्रात एक ओळ सहज येऊन गेली आहे : ‘बाबा रोज संध्याकाळी काकांना फोन करून शिल्लक विचारतात.’ माझ्या मते तुमच्या अडचणीचं मूळ तिथे आहे. कारखान्यात मालक ज्यात बघतो तेच खरं धरलं जातं. बाबा शिल्लक वहीतून विचारतात, म्हणून काका वही नीट ठेवतात. ईआरपीत कुणी बघत नाही, म्हणून त्यात चुका राहतात. चुका असतात म्हणून त्यात कुणी बघत नाही. हे चक्र कामगारांना ओरडून सुटणार नाही, मालकाच्या सवयीपासून सुटेल. वडिलांना ‘सॉफ्टवेअर शिका’ म्हणू नका. रोज सकाळी त्यांच्या टेबलावर एक छापील पान ठेवा : काल काय आलं, काय गेलं, काय शिल्लक, कोणत्या गिऱ्हाइकाचं काय अडकलंय. पान ईआरपीतूनच निघालेलं हवं. आकडा चुकीचा असेल तर ते तुम्हाला बोलावतील, बोलावू द्या. ज्या दिवशी ते त्या पानावरून प्रश्न विचारू लागतील, त्या दिवसापासून स्टोअरमधली नोंद आपोआप सुधारायला लागेल.

यंत्रं बदलली पण कामाची रीत तीच राहिली, तर काय होतं याचं एक उदाहरण तुमच्यासारख्या मशीन शॉपवाल्यांना लगेच समजेल. आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांच्या विद्युतीकरणावर एक निबंध लिहिला. वीज आली तेव्हा अनेक कारखानदारांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटर बसवली. वर सगळी यंत्रं पट्ट्यांनी फिरवणारा लांब दांडा, म्हणजे लाइन शाफ्ट, तोच, पट्टे तेच, यंत्रांची मांडणी तीच. फायदा झाला तो जेमतेम. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर द्यायची आणि माल जसा पुढे सरकतो तशी यंत्रं मांडायची, हे रुळायला काही दशकं गेली. उत्पादकतेतली मोठी वाढ दिसली ती १९२० च्या दशकात. तुम्ही घेतलेलं ईआरपी आज जुन्या शाफ्टला जोडलेली मोटर आहे. नोंद अजून वहीत होते, ती वरच्या मजल्यावर जाते, तिथे दुसरं माणूस ती पुन्हा लिहितं. पडद्यावर दिसतो तो कालचा कारखाना. कालच्या आकड्यावर आजचा डिस्पॅच कसा ठरवणार?

आता काकांच्या वहीकडे या. तुम्ही तिचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. तारीख, चलन नंबर, पार्टी, पार्ट, नग. इतकं कुठल्याही नोंदवहीत असतं. पण उजवीकडच्या समासात लाल शाईची गोल वर्तुळं आहेत, दोन ठिकाणी ‘कडक’ लिहिलंय, एका ठिकाणी ‘सकाळच्या पाळीत लावू नये’. तुम्ही लिहिता, या खुणा त्यांच्याशिवाय कुणाला कळत नाहीत. मला फोटोवरून अर्थ सांगता येणार नाही, पण बिडाच्या कामात ‘कडक’ म्हणजे बहुतेक कास्टिंगमध्ये कठीण जागा लागतात आणि टूल (कापायचं हत्यार) खराब होतं. तसं असेल तर काका कोणत्या फाउंड्रीचा (ओतकामाच्या कारखान्याचा) कोणता लॉट त्रास देतो याचा हिशेब वर्षानुवर्षं ठेवत आलेत. तुमच्या साडेचार लाखांच्या ईआरपीत त्यासाठी रकानाच नाही.

म्हणून पहिलं काम हे. एक दुपार मोकळी काढा, काकांशेजारी स्टूल टाकून बसा आणि मागच्या सहा महिन्यांची वही पान पान वाचून घ्या. तुम्ही लिहून घ्या, सांगणारे ते. प्रत्येक खुणेचा अर्थ, कुठला माल कुठे ठेवतात आणि का, कोणत्या ड्रायव्हरच्या गाडीतले नग मोजून घ्यावे लागतात. यातून काही गोष्टी ईआरपीत शेऱ्याच्या रकान्यात जातील, काही फाउंड्रीशी बोलायच्या निघतील, काही निव्वळ सवयी असतील, त्या सोडून देता येतील. काका उद्या आजारी पडले तर यातलं काय काय बुडेल, याचीही तेव्हाच कल्पना येईल. त्यांच्या जागी घेतलेला संगणक येणारा मुलगा पहिल्याच आठवड्यात ईआरपी भरेल, पण त्याला मालातलं काही कळायला दोन वर्षं लागतील.

मात्र काका भलेच असतील असं मी गृहीत धरत नाही. जिथे एकाच माणसाकडे माल, नोंद आणि मोजणी तिन्ही असतात, तिथे कधी कधी वही मुद्दाम दुसऱ्याला न कळेल अशी ठेवली जाते. संशय घेण्याची गरज नाही, रचना बदला. माल घेणारा एक, आठवड्यातून एकदा ठरावीक पाच पार्टची मोजणी करणारा दुसरा. प्रामाणिक माणसालाही यात आधार असतो, कारण उद्या तूट निघाली तर बोट फक्त त्याच्याकडे जात नाही.

नोंदीची जागा बदला. ती वरच्या मजल्यावर नको, स्टोअरच्या दारात हवी. एक साधा टॅबलेट भिंतीला बसवा, चार्जरसकट. ईआरपीवाल्यांना सांगून आवक-जावकीच्या पडद्यावर पाच-सहाच रकाने ठेवायला लावा, नावं मराठीत करून घ्या, पार्ट नंबर टाइप करायला लावू नका, यादीतून निवडता यावा. बाकीची माहिती ऑफिसात भरता येते. एका आवकीची नोंद अर्ध्या मिनिटात होत नसेल तर ट्रक दारात उभा असताना कुणीही ती करणार नाही, तुम्हीही नाही. काकांना टाइप करायचा कंटाळा असेल तर त्यांनी सांगावं आणि हाताखालच्या मुलाने भरावं. तरुण मुलगा घ्यायचाच असेल तर असा घ्या, काकांच्या जागी नको, त्यांच्या बरोबर.

सुरुवातीची शिल्लक चुकीची असेल तर पुढचं सगळं वाया जातं. तुमचा स्टॉक न जुळण्याचं निम्मं कारण हेच असावं, असं मला वाटतं, कारण पत्रात तुम्हीच म्हणता की पहिल्या दिवशी वहीतले आकडे तसेच उचलले. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चार माणसांना जादा पगार देऊन सगळा माल प्रत्यक्ष मोजा. गिऱ्हाइकाचं कास्टिंग वेगळं, स्वतःचं वेगळं, रिजेक्शन वेगळं. जॉबवर्कचा, म्हणजे गिऱ्हाइकाने काम करायला पाठवलेला, माल जीएसटीच्या नियमाप्रमाणे एक वर्षाच्या आत मूळ मालकाकडे परत जायला हवा, हे तुम्हाला माहीत असेलच. कोपऱ्यात पडलेले जुने नग नेमके यात सापडतात आणि मग गिऱ्हाइकाशी अवघड बोलणी करावी लागतात. ती आत्ता केलेली बरी.

त्यानंतर वही आणि ईआरपी दोन्ही काही काळ सोबत चालू द्या. दर शनिवारी दोन्हींतल्या दहा पार्टची शिल्लक ताडून बघा. फरक आला तर कोण बरोबर यावर वाद नको, रॅकपाशी जाऊन मोजायचं. कधी वही चुकलेली निघेल, कधी पडदा. सलग चार शनिवार पडदा बरोबर आला की वही थांबवायची, आणि ते काकांनीच जाहीर करायचं. ती तारीख तुम्हाला आज सांगता येणार नाही. एकाला सहा आठवडे लागतात, एकाला चार महिने. लांबलं तरी चालेल, पण शेवट ठरलेला हवा, नाहीतर दोन-दोन नोंदी कायमच्या मानगुटीवर बसतात.

एक गोष्ट सगळ्यांसमोर बोलून टाका. रिजेक्शन कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत झालं हे ईआरपीत दिसतं, आणि ऑपरेटरला त्याचीच भीती असते. पहिल्याच महिन्यात या आकड्यावरून कुणाचा पगार कापलात तर पुढच्या महिन्यात रिजेक्शन शून्य दिसेल आणि खराब नग भंगारात गुपचूप जातील. ‘सहा महिने या नोंदीवरून कुणालाही दंड नाही’ असं वडिलांच्या तोंडून सांगितलं जाऊ द्या आणि तो शब्द पाळा. खरी माहिती मिळायची तर ती देणाऱ्याला सुरक्षित वाटलं पाहिजे.

व्हॉट्सअ‍ॅप. ते बंद करायची गरज नाही, त्यातून ड्रॉइंग काढा. ‘गाडी निघाली’, ‘इन्सर्ट संपले’, ‘आज सुट्टी’ या गोष्टी ग्रुपवर चालतात. ड्रॉइंग चालत नाही, कारण नवं आणि जुनं तिथे सारखंच दिसतं, आणि जो वर सरकवत जातो त्याच्या हाताला जे आधी लागेल ते तो उघडतो. तुमचे १४० नग याच पद्धतीने गेले. चालू रिव्हिजनची एकच जागा ठरवा, शेअर केलेल्या ड्राइव्हमधलं एक फोल्डर पुरेसं आहे, जुन्या रिव्हिजन वेगळ्या बंद फोल्डरात. फोल्डरात फाइल टाकण्याचा अधिकार एकाच माणसाला. जॉब कार्डवर (कामाबरोबर मशीनपाशी जाणाऱ्या कागदावर) पार्ट नंबरखाली रिव्हिजन ठळक छापा आणि क्यूआर कोड द्या, ऑपरेटरने मोबाइल धरला की चालूच ड्रॉइंग उघडेल. नवी रिव्हिजन आली की मशीनपाशी लावलेली जुनी प्रिंट गोळा करून तिच्यावर ‘रद्द’चा शिक्का. पहिला नग निघाला की तपासणाऱ्याने रिव्हिजन वाचून मग सही करायची. यात नवं सॉफ्टवेअर एक रुपयाचंही नाही.

ओटीपीचा प्रश्न सगळ्यात सोपा, आणि तो याच आठवड्यात सोडवा. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिल आणि ई-इन्व्हॉइसच्या (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाच्या) पोर्टलवर सगळ्याच करदात्यांना दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय ओटीपीही) सक्तीची आहे. पण मुख्य खात्याखाली उपवापरकर्ते तयार करता येतात आणि प्रत्येकाचा स्वतःचा मोबाइल नोंदवता येतो. डिस्पॅच बघणाऱ्याला आणि तुम्हाला स्वतंत्र लॉगिन करून घ्या. उलाढाल पाच कोटींच्या वर असल्याने १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापारी गिऱ्हाइकांच्या बिलांना ई-इन्व्हॉइस लागतं, तेव्हा तिथेही हेच करा. बाबांनी ओटीपी फोनवर वाचून दाखवणं थांबलंच पाहिजे. ओटीपी तोंडी सांगायची सवय लागली की उद्या बँकेचाही सांगितला जातो. आणि नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करायचं. अनेक लहान ऑफिसांत तीन वर्षांपूर्वी गेलेल्या अकाउंटंटचा पासवर्ड अजून चालू असतो.

सुरक्षिततेबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी लिहिते, कारण ईआरपीवर सगळा भार टाकल्यावर हा प्रश्न आणखी मोठा होतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या सायबर हल्ल्यात मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं संगणकजाळं कोसळलं. आपल्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या समूहाचं टर्मिनलही त्यात अडकलं. सगळं पुन्हा उभं करायला लागणारी एक महत्त्वाची प्रत वाचली होती ती घानातल्या कार्यालयात, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून सुटा होता. इतक्या मोठ्या कंपनीला वाचवलं ते एका न जोडलेल्या प्रतीने. तुम्ही लिहिता, ‘बॅकअप रोज आपोआप हार्ड डिस्कवर जातो.’ ती डिस्क कायम संगणकाला लावलेली असेल तर व्हायरस तिलाही धरतो. दोन डिस्क घ्या, आलटून पालटून वापरा, एक नेहमी घरच्या कपाटात. आणि तीन महिन्यांतून एकदा त्यातला डेटा दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

पुरवठादाराचा मेल आला की ‘आमचं बँक खातं बदललंय, पुढचं पेमेंट या खात्यावर करा’, तर तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे पाठवायचे नाहीत. हा नियम वडिलांनाही लागू. पैसे गेलेच तर बँकेला आणि १९३० या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वात जास्त असते.

आता एआय. तुम्ही मागे पडत नाही आहात. ज्या कारखान्यात शिल्लकच भरवशाची नाही, तिथे एआय काय करणार, चुकीच्या आकड्यांवरून सुबक अंदाज देईल. पण टेबलावरच्या कामाला ते आजही उपयोगी आहे. गिऱ्हाइकाच्या इंग्रजी मेलला उत्तर, एक्सेलचं सूत्र, कामाच्या सूचनांचं हिंदी-मराठी रूपांतर, मीटिंगचं टिपण. वापरा, प्रत्येक ओळ वाचून मगच पाठवा. मापं, टॉलरन्स (मापातला चालणारा फरक), कराचे नियम यांत त्याच्या उत्तरावर विसंबू नका, ते चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतं. तुमचा एक तरुण इंजिनिअर गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मोफत चॅटबॉटमध्ये टाकून प्रश्न विचारतो, हे मात्र लगेच थांबवा. मोठ्या कंपन्यांशी तुम्ही गोपनीयतेचा करार केलेला असेल, तो काढून वाचा. ड्रॉइंग, दर, कामगारांचे आधार आणि बँकेचे तपशील बाहेरच्या साधनात टाकायचे नाहीत, हे एका कागदावर मराठीत लिहून सगळ्यांची सही घ्या. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, कामगारांची माहिती जपण्याची जबाबदारी मालकावर येते.

ज्यांचा कारखाना नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. दवाखान्यात केसपेपरच्या जागी सॉफ्टवेअर आणताना रिसेप्शनवरच्या ताईंच्या शेजारी एक सकाळ बसा, रांग लागलेली असताना त्या काय लिहितात आणि काय लक्षात ठेवतात ते बघा. सीए आणि वकिलांच्या ऑफिसात कागद शोधण्यात वेळ जातो, तिथे फाइलच्या नावाची एकच पद्धत ठरवणं कुठल्याही महाग प्रणालीपेक्षा जास्त देतं. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी, कधी, काय बदललं याची नोंद राहणं आणि ती बंद न करता येणं बंधनकारक आहे, तेव्हा जुनी आवृत्ती वापरत असाल तर तुमच्या ऑडिटरशी बोला. आणि सगळ्यांनीच, नवं काही घेण्याआधी, एक आठवडा कोणतं काम कुठे अडतं ते लिहून काढा. यादीत जे सर्वात वर येईल तेवढंच आधी हातात घ्या.

राहता राहिले ईआरपीवाले. त्यांच्याशी केलेला करार बाहेर काढा आणि तीन गोष्टी बघा : तुमचा सगळा डेटा एक्सेलमध्ये तुम्हाला स्वतःला काढता येतो का, वार्षिक देखभालीचं नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे, आणि पडदा बदलून द्यायचे वेगळे पैसे लागतात का. पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर आजच लेखी मागणी करा. वर सांगितलेल्या गोष्टी करून सहा महिने द्या. तरीही शनिवारची ताडणी जुळत नसेल आणि अर्ध्या मिनिटाची नोंद तीन मिनिटं घेत असेल, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या कामाचं नाही. साडेचार लाख गेले म्हणून ते पुढे ओढत बसू नका. नूतनीकरणाच्या तारखेआधी डेटा काढून घ्या, त्यांना लेखी कळवा आणि पुढचं साधन निवडताना काकांना टेबलावर शेजारी बसवा. विक्रेत्याला त्यांच्या वहीतलं एक पान द्या आणि म्हणा, हे पान तुमच्या पडद्यावर आमच्या समोर भरून दाखवा.